झाकलेले दिवे

१

वर्षअखेरच्या सुट्ट्या जवळ आल्या, रस्त्यांवर दिव्यांच्या माळा चढल्या, की छोटीच्या स्टुडिओत माणसं एकच गाऱ्हाणं घेऊन यायची. "डोळ्यांना एवढं झकास दिसतं हो! आणि फोटोत बघावं तर मागे मिट्ट काळोख नि पुढे आमची चुना फासल्यासारखी तोंडं!"

हे गाऱ्हाणं ती अठरा वर्षं ऐकत आली होती. घरात सगळ्यांत धाकटी म्हणून छोटी. चाळिशी उलटली, केसांत चांदी दिसू लागली, पण नाव काही मोठं झालं नाही. स्टुडिओत गिऱ्हाईकंसुद्धा तिला छोटीबाई म्हणायची. गिऱ्हाईक दारातून आत आलं की ती हातातलं काम न थांबवता सांगायला लागे.

"फ्लॅश आधी बंद करा. तो दिव्यांना गिळून टाकतो. आणि काळोख पडायची वाट बघू नका. सूर्य बुडाल्यावर जेमतेम अर्धा तास आकाश निळंशार असतं, तेवढ्यात उरकून घ्या. माणसांना दिव्यांना चिकटवून बसवू नका, चांगलं दहा फूट पुढे आणा आणि फोकस माणसाच्या डोळ्यांवर ठेवा. मग मागचे दिवे विरघळतात. एकेका ठिपक्याचा गोल, मऊ गोळा होतो. तो बघायला मिळतो म्हणून तर हा सगळा खटाटोप."

त्या आठवड्यात ताईचा फोन आला. ताई तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी. मुलगा परगावी नोकरीला, त्याला यंदा रजा नव्हती. घरात ताई आणि भावोजी, दोघंच.

"रविवारी ये गं. आमचा दोघांचा चांगला फोटो काढून दे, पोराला पाठवायचाय."

"येते की. दिवे लावलेत ना?"

"दिवे? ये आणि तूच बघ." मग ताईचा आवाज खाली उतरला. "आणि यांच्याकडेही बघ जरा. मला लक्षण ठीक दिसत नाही."

"म्हणजे काय?"

"फोनवर नको. हे बाहेरच बसलेत."

२

भावोजी निवृत्त होईपर्यंत एका कचेरीत इमारतींचे नकाशे काढायचे. बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा, कानामागे पेन्सिल आणि स्वभावाने टोकाचे शिस्तीचे. खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवला नाही तर घर डोक्यावर घेणारा माणूस. आजवर त्यांच्या घरी सुट्ट्यांत एक माळ लागायची, तीही ताईने हट्ट केला म्हणून.

रविवारी चारच्या सुमाराला छोटी कॅमेऱ्याची पेटी नि स्टँड घेऊन दुसऱ्या मजल्यावर चढली. दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थबकली.

लांबलचक हॉल. त्याच्या पलीकडच्या टोकाची अख्खी भिंत, छतापासून जमिनीपर्यंत, दिव्यांनी भरली होती. माळा ओळंबा लावल्यासारख्या सरळ सोडलेल्या, दोन माळांमध्ये बरोबर एक वीत, दोन दिव्यांमध्येही बरोबर एक वीत. ही सजावट वाटत नव्हती. आलेखाच्या कागदावर चौकटी आखाव्यात तशी ती भिंत आखलेली होती. भर दुपारी सगळे दिवे चालू. आत जाणाऱ्या बोळात दिवे, स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवे, न्हाणीच्या दाराभोवतीसुद्धा दिवे.

"भावोजी, तुम्ही तर आमच्या बाजारपेठेला मागे टाकलंत!" ती हसत म्हणाली.

भावोजी हसले नाहीत. "फोटो काढणार आहेस म्हणे."

"हो. ताईला त्या खुर्चीत बसवते, तुम्ही शेजारी उभे राहा."

"मी नाही." त्यांनी चष्मा नाकावर वर सरकवला. "आणि तिची खुर्ची इथे, पुढे घे. आणखी पुढे. मागे घ्यायची नाही."

"अहो, मला चौकट बसवायला जागा तरी..."

"मागे घ्यायची नाही म्हणून सांगितलं ना!"

ताईने छोटीकडे पाहिलं. बघ, असं तिचे डोळे म्हणत होते. छोटीने स्टँड दाराला टेकवून जेमतेम जागा केली.

३

सव्वासहाला खिडकीतलं आकाश निळं झालं. ताई राखाडी स्वेटर घालून खुर्चीत बसली. भावोजी बाजूच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले, फोटोत येणार नाहीत असे. छोटीने फोकस ताईच्या डोळ्यांवर आणला. "श्वास धर. हं. झालं."

पडद्यावर फोटो उमटला. ताईचा चेहरा सुरेख आला होता आणि मागे सोनेरी गोळ्यांच्या ओळीच ओळी. छोटीने सवयीने कडेपासून कडेपर्यंत नजर फिरवली आणि ती अडखळली. ताईच्या डाव्या खांद्यामागे, जरा उंचावर, गोळे नव्हते. लांबट काळा डाग होता.

गेले असतील आठ-दहा बल्ब, असं म्हणून तिने मान वर केली. भिंतीवर सगळे दिवे लखलखत होते. तिने त्या जागेवर नजर रोखून एकेक मोजला. एकही गेलेला नव्हता.

लेन्सवर काही असेल. तिने लेन्स पुसली, पुन्हा बटण दाबलं. डाग होता, पण आता उजवीकडे सरकलेला.

छोटीचं डोकं अशा वेळी सरळ चालायचं. लेन्सवरची घाण जागा बदलत नाही. कॅमेऱ्याचा पट्टा आडवा आला म्हणावं तर तो तिच्या मनगटाला गुंडाळलेला. पडदा, पंखा, कुणाची सावली? सावली दिव्यावर पडत नाही. तिने पेटीतली दुसरी लेन्स काढून लावली आणि तिसरा फोटो घेतला.

आता डाग ताईच्या बरोबर मागे होता. आणि मोठा झाला होता.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"काही नाही गं. तुझे डोळे मिटले."

तिने मान वळवली. भावोजी चष्मा हातात घेऊन उभे होते. त्यांचे उघडे, मिचमिचे डोळे ताईच्या मागे रोखलेले. छोटी आपल्याकडे बघतेय हे कळताच त्यांनी चष्मा घाईघाईने चढवला, पुढे आले आणि ताईची खुर्ची, ती बसलेली असतानाच, हातभर पुढे ओढली.

"पुरे झाले फोटो," ते म्हणाले.

४

स्वयंपाकघरात चहा उकळत होता. ताईने दार लोटून घेतलं.

"पाहिलंस ना? रोजचं आहे हे. सूर्य कलला की चष्मा काढून बसतात. चष्म्याशिवाय यांना स्वतःचा हात दिसत नाही, नि तास तास त्या भिंतीकडे बघत बसायचं! मी समोर असले तर माझ्याकडे नाही, माझ्या मागे. काय बघताय विचारलं तर म्हणतात, दिवे."

"डॉक्टरांकडे नेलंस?"

"डोळ्यांच्या की डोक्याच्या? कुठल्या तोंडाने न्यायचं?" ताई कपबशा मांडता मांडता थांबली. "आणि खुर्ची बघितलीस? महिन्याभरापूर्वी ती खिडकीपाशी होती. रोज थोडी थोडी पुढे. आता दाराशी आली. मला वाटतं, असंच ढकलत ढकलत मला घराबाहेर काढणार."

"काहीतरीच काय!"

"ये, तुला दाखवते."

भावोजी न्हाणीत गेलेत हे बघून ताईने छोटीला हॉलमध्ये आणलं. सतरंजीचं टोक उचललं. खाली फरशीवर पेन्सिलीने काढलेल्या बारीक फुल्या होत्या आणि प्रत्येक फुलीशेजारी आकडा. एक ते सहा भिंतीला लागून. मग सात, आठ, नऊ, एकेक पाऊल पुढे. कुठे दोन फुल्या एकाच जागी, कुठे एकदम मोठं अंतर. तेवीस नंबरची फुली ताईच्या खुर्चीमागे तीन फुटांवर होती.

"फरशी पुसताना सापडल्या," ताई म्हणाली. "पुसल्या तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथल्या तिथे. आता सांग, शहाण्या माणसाचं काम आहे हे?"

डागाचं ताईला सांगावं असं छोटीच्या ओठांवर आलं होतं. पण न्हाणीचं दार वाजलं, भावोजी बोळाच्या तोंडाशी येऊन उभे राहिले आणि उचललेल्या सतरंजीकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर तिला बरं वाटलं असतं. राग नव्हता. ते फुल्या मोजत होते.

५

स्टुडिओच्या मागच्या खोलीत मास्तर बसायचे. जुन्या फोटोंवरचे डाग काढणं, फाटलेले चेहरे जोडणं हे त्यांचं काम. सत्तरी आली होती, पण नजर घारीची. छोटीने दुसऱ्या दिवशी तिन्ही फोटो त्यांच्यासमोर टाकले. कुणाचे, कुठले, काही सांगितलं नाही.

"मास्तर, लेन्समध्ये काही दोष दिसतो का बघा."

मास्तरांनी भिंग फिरवलं. "लेन्स ठणठणीत आहे. माणूस आलंय ना आडवं."

"कुठे?"

"हे काय. हा गोळा बघ, उंदराने कुरतडल्यासारखा. हाही तसाच. दिवा विझला तर गोळा पुरा जातो. कुरतडलेला असला की समजायचं, दिवा चालू आहे, मधे काहीतरी आलंय. मागे कोण उभं होतं?"

"कोणी नाही."

"असं कसं कोणी नाही?" त्यांनी तिन्ही फोटो ओळीने मांडले. "पहिल्यात कड बघ, धुरासारखी. म्हणजे भिंतीजवळ, फोकसपासून लांब. दुसऱ्यात जरा आवळली. तिसऱ्यात आणखी. तुझा फोकस या बाईवर ना? मग ते बाईकडे आलंय. पावलापावलाने." ते स्वतःशीच हसले. "तुझ्या पाहुण्याला फोटोत यायची भलती हौस दिसते!"

छोटी हसली नाही तसं त्यांचंही हसू विरलं. ते पुन्हा वाकले. भिंग तिसऱ्या फोटोवर बराच वेळ थांबलं.

"खांदे सापडत नाहीत," ते पुटपुटले.

"काय?"

"माणूस असतं तर खांदे दिसले असते. हे वरपासून खालपर्यंत सारखंच आहे." त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि तिच्याकडे बघितलं. "कुठे काढलेस हे?"

"एका गिऱ्हाइकाकडे."

"पुन्हा बोलावलं तर जाऊ नकोस," मास्तर म्हणाले आणि त्यांनी तिन्ही फोटो पालथे घातले.

६

गेल्याशिवाय राहवणार नव्हतं. मंगळवारी पाचलाच तिने स्टुडिओ बंद केला. जिन्यावर तिच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. भावोजी नकाशे काढणारे. काळा दोरा, काळा कपडा, कुठेतरी कप्पी. कुठल्या कारणाने का असेना, हा माणूस माझ्या बहिणीला भिववून वेडं ठरवायला बघतोय. भावोजींबद्दल इतकं वाईट मनात आणलं याची तिला लाज वाटत होती. पण त्यांचंच कारस्थान निघावं, असंही वाटत होतं.

ताई खालच्या मजल्यावर शेजारणीकडे गेली होती. भावोजींनी दार उघडलं. ते दोन दिवसांत दहा वर्षांनी म्हातारे दिसू लागले होते.

छोटीने बूटही न काढता फोटो त्यांच्यासमोर धरले. "हे काय आहे भावोजी? कसं केलंत?"

त्यांनी पहिला फोटो डोळ्यांशी नेला, मग दुसरा, मग तिसरा. ते मटकन स्टुलावर बसले. छोटीला वाटलं, चोरी पकडली गेली. पण भावोजी रडत होते.

"आलंय," ते म्हणाले. "कॅमेऱ्यात आलंय. छोटे, मला वाटलं माझंच डोकं फिरलंय."

त्यांनी जे केलंय ते कबूल करावं, असं तिला मनापासून हवं होतं.

"चष्मा काढला की मला दिव्यांचे असे गोळे दिसतात," ते सांगू लागले. "लहानपणापासून. महिन्याभरापूर्वी खिडकीतली माळ लावली, चष्मा पुसायला काढला, तर मधले चार दिवे नाहीत. चष्मा घातला, तर आहेत. काढला, तर नाहीत. पहिले दोन दिवस हसलो गं स्वतःवर. तिसऱ्या दिवशी नसलेले चार दिवे दुसरेच होते."

"मग एवढ्या माळा कशाला लावल्यात? काढून टाकायच्या की!"

"काढल्या होत्या." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "एक अख्खा दिवस काढून ठेवल्या. मग घरात कुठल्याच जागेची खात्री वाटेना. बोळातून जायचं तर कळायला नको, तिथे आहे का. दिवे असले की निदान कुठे उभं आहे ते तरी समजतं. म्हणून माळा आणत गेलो. फुल्या मारत गेलो. ते माझ्याकडे येत नाही. ती स्वयंपाकघरात गेली तर त्या बाजूला सरकतं, खुर्चीत बसली तर खुर्चीकडे."

"ताईला सांगितलंत?"

"काय सांगू? तुझ्या मागे आहे म्हणून?"

"घर सोडून जायचं होतं मग."

"रोज म्हणतो, चार दिवस तुझ्याकडे जाऊन राहू. तिला वाटतं, मी तिला बाहेर काढतोय." त्यांनी डोळे पुसले. "आज तू आहेस. तुझं ऐकेल ती."

७

जिन्यावर ताईची पावलं वाजली. "काय गं, न सांगताच आलीस? आणि दोघांचं काय खलबत चाललंय?" म्हणत ती आत आली, विणकामाची पिशवी घेऊन खुर्चीत बसली आणि सुया चालवू लागली. तिच्यामागे भिंत लखलखत होती. खिडकीतलं आकाश निळं होत आलं होतं.

खरं तर त्याच क्षणी ताईचा हात धरून निघायला हवं होतं. नंतर छोटी स्वतःला हेच विचारत राहिली, की आपण का थांबलो. पण तिचा अजूनही विश्वास बसत नव्हता. साध्या डोळ्यांना त्या हॉलमध्ये एक बाई, एक खुर्ची आणि दिवे, एवढंच होतं. एकदा, फक्त एकदा, स्वतः बघू दे.

"ताई, परवाचा फोटो बिघडला. तशीच बस, पुन्हा घेते."

तिने कॅमेरा स्टँडवर चढवला. भावोजींनी चष्मा काढला नाही. ते दाराच्या कडीवर हात ठेवून उभे राहिले.

या खेपेला तिने फोकस ताईवर धरला नाही. आधी लांब, भिंतीवर नेला. पडद्यावर दिवे टाचणीच्या डोक्यासारखे बारीक झाले, ताई म्हणजे पुढचा राखाडी ढग. मग तिने लेन्सचं कडं सावकाश, केसाकेसाने फिरवत फोकस अलीकडे आणायला सुरुवात केली. पंधरा फूट. दिवे फुगू लागले. बारा फूट. गोळे झाले. त्या गोळ्यांमध्ये, ताईच्या अंगावर झुकलेला, डाग होता. त्याची कड धुरासारखी होती. दहा फूट. कड लोकरीसारखी झाली. नऊ. आठ. तिचा अंगठा घामाने घसरत होता. कुठेतरी ती कड लख्ख होईल, तेवढ्या अंतरावर ते असेल. अजून नाही. अजून नाही.

सातला ताईच्या स्वेटरचा टाका न् टाका स्पष्ट झाला. आणि त्याच क्षणी, त्याच आकड्यावर, ती कडही. कात्रीने कापल्यासारखी.

दोघांत अंतर उरलं नव्हतं.

ते वाकलेलं होतं. लहान मुलाला काही सांगताना मोठं माणूस कमरेत वाकतं तसं, पण वाक कमरेच्या फार वर होता. वरचं टोक ताईच्या डाव्या कानाशी आलेलं. आत काही दिसत नव्हतं. डोळे नाहीत, कातडी नाही, नुसते मागचे दिवे तेवढ्या जागेत नव्हते. फक्त कानापाशी, टोकाला, तीन दिवे दिसत होते आणि झाकले जात होते. दिसत, झाकत. दिसत, झाकत. मधे थोडा वेळ थांबून पुन्हा भराभर.

ती उघडझाप कशाची, हे छोटीला कळायला दोन-तीन श्वास लागले. तोपर्यंत तिच्या कानांत फक्त माळांची बारीक गुणगुण होती.

ताईच्या सुया थांबल्या. मान खालीच होती. ती किंचित डावीकडे कलली, कुणी हळू बोललं की आपण कलतो तशी.

"काय म्हणालीस?" तिने विचारलं.

पडद्यावर ते तीन दिवे पुन्हा भराभर झाकले जाऊ लागले.

"बरं," ताई जरा वेळाने म्हणाली. तिने होकारार्थी मान हलवली. चेहऱ्यावर बारीकसं हसू आलं. "हो. चालेल."

कॅमेरा स्टँडसकट कोसळला, तो छोटीचा पाय लागून. तिने ताईचं मनगट धरलं, भावोजींनी दार उघडलं आणि तिघंही जिना उतरून रस्त्यावर आली. "अगं, चप्पल तरी घालू दे! झालंय काय तुम्हाला?" ताई ओरडत होती. तिच्या मागे लोकरीचा गुंडा पायरीपायरीवरून उलगडत येत होता.

८

ताई आणि भावोजी त्या घरात परत गेले नाहीत. छोटीच्या दोन खोल्यांत महिनाभर राहिले, मग जवळच तळमजल्यावर घर मिळालं. सामान हमालांनी भर दुपारी आणलं. माळा आणायच्या नाहीत, असं त्यांना बजावलं होतं. ताईला सांगितलं की इतक्या दिव्यांनी तारा तापल्या होत्या, आगीचा धोका होता, म्हणून तिला ओढत बाहेर काढलं. तिने विश्वास ठेवला, किंवा ठेवल्यासारखं केलं. मुलाला भर उन्हात गच्चीवर काढलेला फोटो गेला. त्याला तो फार आवडला.

भावोजी सुधारले. चष्मा आता ते झोपतानाच काढायचे, तेही दिवा मालवल्यावर. खुर्च्या जागच्या जागी राहू लागल्या. पेन्सिल कानामागे होती, पण फरशी स्वच्छ होती. एकदा ते छोटीला म्हणाले, "मागे राहिलं असेल, नाही का?" आणि ती म्हणाली, "हो भावोजी. मागेच राहिलं." त्या संध्याकाळचं ताईचं बोलणं दोघांनी पुन्हा कधी काढलं नाही.

थंडी सरत आली होती. एका दुपारी छोटी ताईकडे गेली. भावोजी बाहेर फिरायला गेले होते. दोघी बहिणी खिडकीखाली चटईवर बसून शेंगा सोलत होत्या. ताई खुशीत होती. शेजारणीच्या सुनेच्या गमती सांगत होती, छोटी खूप दिवसांनी मोकळी हसत होती.

मधेच ताईने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"बरं, तू त्या दिवशी कानात सांगितलंस ना, ते मी यांना अजून सांगितलेलं नाही हं."

छोटीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "कुठल्या दिवशी?"

"अगं, तू फोटो काढत होतीस तेव्हा. एवढी जवळ आलीस की तुझा श्वास गार लागला मला. मी म्हटलं, ही कॅमेऱ्यापाशी होती ना आत्ता!" ताई हसली. "पण तू म्हणालीस, वर बघू नकोस, म्हणून नाही बघितलं."

"ताई, मी... मी काय सांगितलं तुला?"

ताईने तिच्याकडे रोखून पाहिलं. मग तिच्या डोळ्यांत लबाड, लहानपणचं हसू आलं. दोघींचं एखादं गुपित आईपासून लपवताना यायचं तसं.

"परीक्षा घेतेस होय माझी? कुणाला सांगायचं नाही म्हणालीस. तू विचारलंस तरी तुलासुद्धा नाही." तिने छोटीच्या गुडघ्यावर थोपटलं. "काळजी करू नकोस गं. तारीख लक्षात आहे माझ्या. जाताना घालायचे कपडेही काढून ठेवलेत."

आणि तिने उरलेल्या शेंगा पुढे ओढल्या.